अकोल्याची धावपट्टी

सरांच्या घरातला पहिला आवाज मला आठवतो तो यूपीएसचा. भारनियमनाची वेळ झाली की वरच्या खोलीतून टींऽ टींऽ सुरू व्हायचं आणि खाली स्वयंपाकघरातून काकू ओरडायच्या, "उतरा आता खाली, नाईतं लटकसान तसेच आभायात!" सर ओरडून उत्तर द्यायचे, "पाच मिनिटं, फायनलवर आहोत." फायनलवर म्हणजे धावपट्टी समोर दिसायला लागलेली आहे, हे घरातल्या मांजरीलाही कळत असावं, कारण सरांचा आवाज तसा चढला की ती जिन्यावरून उठून निघून जायची. त्या पाच मिनिटांत विमान एक तर धावपट्टीला टेकायचं, नाहीतर स्क्रीन काळा होऊन आभाळ, विमान आणि आम्ही सगळे एकदमच संपायचो. मग खालून काकूंच्या खलबत्त्याचा आवाज तेवढा उरायचा. लसूण, मीठ, हिरवी मिरची. माझ्या आठवणीत विमानाला आजही ठेच्याचा वास येतो.

मी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातली. आमचं माळ्याचं घर. बाबा वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक पिकवायचे आणि बाजाराच्या दिवशी तेल्हाऱ्यात बसून विकायचे. नववीत माझे गणित आणि इंग्रजी दोन्ही गेले. वर्गशिक्षकांनी निकालपत्रक देताना माझ्याकडे न बघता पुढच्या मुलीचं नाव घेतलं, आणि मी त्या दिवशी शाळेतून आले ती परत गेलेच नाही. कोणी जा म्हटलंही नाही. वर्षभर घरी शिवणकाम केलं, मग अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एमआयडीसीत शर्ट शिवायच्या एका युनिटमध्ये मुली घेऊन राहिलेत असं कळलं. बाबांच्या ओळखीतून अमरावतीत सरांच्या घरातली मागची खोली मिळाली. सर आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही. काकूंनी पहिल्याच दिवशी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तं काडी आहे काडी. जेवते का नाई वं तू?" तेव्हापासून पुढची दोन वर्षं मी जेवले की नाही ही त्या घरातली रोजची बातमी होती. सकाळी पंचवटी चौकातून कंपनीची बस पकडायची, त्याआधी काकू भाकर आणि अंबाडीची भाजी फडक्यात बांधून हातात द्यायच्या. मला त्या उपकाराची इतकी धास्ती वाटायची की मी भाकरीचा तुकडासुद्धा डब्यात उरू द्यायची नाही. उरला आणि त्यांना दिसला, तर त्यांना वाईट वाटेल. वाटलं, तर खोली जाईल. मी तशीच होते. अजूनही हॉटेलात वेटरने पाणी आणून दिलं तरी मी उगाच अर्धी उठते.

वरच्या खोलीत सरांचं विमान होतं. पेटीसारखा जाडा मॉनिटर, त्याला प्लायवूडची चौकट, चौकटीवर खरी बटणं. काही विजेच्या बोर्डाची, काही जुन्या टेपरेकॉर्डरची. हातात दांडा, आणि पायाशी शिलाई मशीनचं लोखंडी पायडल. सरांनी ते मधोमध कापून डावं-उजवं वेगळं केलं होतं, प्रत्येकाखाली रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणातला भाग बसवला होता आणि तिथून एक वायर गालिच्याखालून कॉम्प्युटरपर्यंत नेली होती. डावं दाबलं की विमानाचं नाक डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. सर आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. पण कॉम्प्युटरवरच्या त्या विमानाच्या खेळात मुंबई होती, नागपूर होतं आणि आपलं अमरावती-अकोला नव्हतं, याचा त्यांना राग आला. म्हणून ते स्कूटरवरून अमरावतीच्या विमानतळावर, बेलोऱ्याला गेले, मग अकोल्याच्या शिवणीला गेले, कुंपणाच्या बाहेरून अंतरं मोजली, कडेची झाडं वहीत लिहून आणली आणि दोन्ही धावपट्ट्या त्यांनी स्वतः कॉम्प्युटरमध्ये आखल्या. शिवणीच्या पट्टीच्या टोकाला त्यांनी एक कडुनिंब लावला होता. "तो खरंच आहे तिथं," ते प्रत्येकाला सांगायचे.

रविवारी शिकणारे यायचे. एक बँकेतले क्लार्क, एक औषधाच्या दुकानाचे मालक, सरांचे दोन जुने विद्यार्थी. कोणी गिलावडा आणायचा, कोणी आलूबोंडे. सरांचं शिकवणं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. ते शेजारी लाकडी स्टुलावर बसायचे आणि हात मागे बांधून ठेवायचे. "मी हात लावणार नाही. पडलं तर पडू दे. इथं पडून कोणी मरत नाही, हाच तर या खोलीचा फायदा आहे." आणि जो कोणी बेलोऱ्याहून उडून एकट्याने अकोल्याच्या पट्टीवर नीट उतरेल, त्याचं नाव ते खोलीतल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने पांढऱ्या ऑइलपेंटने लिहायचे. तिथे तेव्हा चार नावं होती. सगळी माणसं शिकलेली.

मी वर गेले ती चहाचा ट्रे घेऊन. सर म्हणाले, "बस बेटा, तूही बघ." मी म्हटलं, "मी नववी नापास आहे सर." ते म्हणाले, "विमानाला कुठं माहीत आहे?" हे वाक्य मी त्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन किती वेळा म्हणून पाहिलं असेल याची मोजदाद नाही. विमानाला माहीत नाही. जगात अशी एक तरी वस्तू आहे जिला माहीत नाही.

हाताचं काम मला लवकर जमलं. दांडा किती हळू धरायचा हे सरांना बाकीच्यांना महिनाभर सांगावं लागायचं; मला नाही, कारण कॉलर लावताना कापडही तसंच धरावं लागतं, ओढलं की बिघडलं. पूर्णा ओलांडायची, डावीकडे रेल्वेची रेघ धरायची, अकोला आलं की खाली यायचं, कडुनिंब दिसला की इंजिन कमी. तिथपर्यंत सगळं ठीक. पण चाकं टेकली की पुढचं काम पायांचं असतं. पट्टीवर विमान सरळ ठेवायला पायडल नुसतं दाबून धरायचं असतं, जरासं, शांतपणे. आणि माझे पाय तर लहानपणापासून शिलाई मशीनचे. पायडल पायाखाली आलं की ते हालणारच, डावं-उजवं, डावं-उजवं, थांबायचं नाव नाही. त्यामुळे माझं विमान टेकायचं छान आणि मग नागमोडी पळत बाजूच्या शेतात शिरायचं. खाली काकूंना वरचे हसण्याचे आवाज ऐकू गेले की त्या जिन्यातून विचारायच्या, "गेली का वं पऱ्हाटीत?" पऱ्हाटी म्हणजे कपाशी. पुढे तो घरातला शब्दच झाला. दूध उतू गेलं, पऱ्हाटीत गेलं. बँकेतल्या क्लार्कची बदली झाली, पऱ्हाटीत गेले. मीही हसायची. पण रविवारी रात्री मला जेवण जायचं नाही. काहीतरी एकदा तरी पास व्हायचं होतं मला, आणि ते माझ्या पायापाशी येऊन अडत होतं.

असे कितीतरी रविवार गेले. शेवटी काकूंनी नवस बोलला. आमच्या वऱ्हाडात मारोतीला रोडग्यांचा नवस बोलतात. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, राखेतून काढून फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण, आणि शेजारपाजार सगळा जेवायला. माणसं आजारातून उठावीत म्हणून, पोरीचं लग्न जमावं म्हणून बोलतात. काकू माझ्यादेखत हात जोडून म्हणाल्या, "बा मारोतीराया, ह्या पोट्टीचं इमान अकोल्याच्या पट्टीवर सरकं उतरू दे, तुले रोडगे करतो." सर हसायला लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, "हसता काहून? उडणाऱ्यायचा देव तोच हाये ना? तुमच्या आधीपासून उडून राह्यला तो."

त्यानंतरच्या एका शनिवारची गोष्ट आहे, अगदी लहान. मी युनिटमधून उरलेल्या दोऱ्याची टोकं एका डब्यात जमवून आणायची. काकू दारात आल्या. "हातभर दोरा दे वं. पक्का पाह्यजे."

"कायले काकू?"

"कारल्यात मसाला भरला, बांधाले पाह्यजे."

मी निळ्या रिळावरचा, जीन्सला वापरतात तसला दोरा काढून दिला, दाताने तोडून. कारल्याला एवढा जाड दोरा कशाला, असं मनात आलं. पण काकूंना काही देता आलं याचाच आनंद इतका, की विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी अकोल्याला उतरले.

तो क्षण मी अजून डोळे मिटून सांगू शकते. कडुनिंब, इंजिन कमी, चाकांचा तो किर्र आवाज, आणि मग पट्टीच्या मधली पांढरी रेघ माझ्या नाकासमोर सरळ, सरळ, सरळ, आणि विमान थांबलं. माझे पाय पायडलवर होते आणि मला वाटलं ते माझे नाहीतच. सरांनी मागे बांधलेले हात सोडले, माझ्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाले, "आज पाय शांत झाले बेटा तुझे." काकू जिन्यातून विचारत वर आल्या, "गेली का पऱ्हाटीत?" आणि स्क्रीन पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. शिकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी पेंटची डबी त्याच दिवशी उघडली आणि कपाटाच्या दारावर पाचवं नाव लिहिलं. वनिता. वर्गशिक्षकांनी जे घेतलं नव्हतं ते.

पुढच्या शनिवारी गच्चीवर रोडगे झाले. मी अर्धा दिवस सुटी काढली आणि काकूंबरोबर कणीक मळली. गोवऱ्यांचा धूर, तुपाचा वास, शेजारच्या बायका विचारून राहिल्या, "कशाचे वं रोडगे?" आणि काकू सांगून राहिल्या, "आमच्या पोट्टीनं इमान उतरवलं." आमच्या, म्हणाल्या. मी राख झटकायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. जेवताना मी सरांना विचारलं की दहावी बाहेरून देता येते का. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि सोमवारीच सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला; शाळा सुटलेल्यांनी परीक्षेला बसायला भरायचा असतो तो. माझं गणित साधं होतं. ज्या पायांनी आयुष्यभर ऐकलं नाही ते ऐकायला लागले, तर डोकंही लागेल. दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. बाबांना खेळातलं विमान आणि खरं विमान यातला फरक नीट कळला की नाही कोण जाणे. पण तेल्हाऱ्याच्या बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसून त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं की पोरगी अमरावतीहून अकोल्याला विमान घेऊन येते आणि यंदा दहावी देऊन राह्यली.

परत आले तेव्हा घरात आत्याबाई होत्या. सरांच्या थोरल्या बहीण, अकोल्याच्या, भाऊबीजेला आलेल्या त्या मुक्कामाला राहिलेल्या. साठीच्या पुढच्या, अंगाने भारी, गुडघे दुखरे, तोंड तिखट. मधल्या काळात सरांनी माझ्यावर एक काम सोपवलं होतं: नवीन येणाऱ्यांना पहिले धडे मी द्यायचे. माझ्यासारखीला शिकवायला सांगितलं म्हणून मी किती जपून शिकवायची! सरांसारखेच हात मागे बांधायची. त्या दिवशी सर भाजी आणायला गेले होते आणि आत्याबाई जिना चढून धापा टाकत वर आल्या.

"पाहू दे माह्या भावाचं खेळणं. अकोल्याले जाते म्हणे? मले सोडून दे घरी, एसटीत लय धक्के बसतात."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, दांडा हातात दिला, समजावलं. त्यांना कशाची भीती नव्हती. पूर्णेवर त्यांनी विमान इतकं खाली आणलं की मी देवाचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "बोर्डीकडची जात्रा दिसते का पाह्यत होती." कशीबशी मी त्यांना शब्दांनी ओढत कडुनिंबापर्यंत आणलं. इंजिन कमी करायला लावलं. धाडकन टेकलं विमान, एकदा उसळलं, पुन्हा टेकलं.

"आता पाय, आत्याबाई! पाय! पट्टीवर सरळ ठेवा, दाबून धरा, हालवू नका!"

"कोन्ते पाय?"

"पायडलवरचे!"

"माह्ये पाय तं वरच हायेत वं बाई."

मी खाली पाहिलं. आत्याबाई खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही पाय लुगड्यात. पाय लोंबते ठेवले की गुडघे ठणकतात म्हणून त्या बसल्या तेव्हापासून तशाच होत्या. मी त्यांच्या मागे उभी, हात मागे बांधून, स्क्रीनकडे बघत. मला दिसलंच नव्हतं. आणि स्क्रीनवर विमान पांढऱ्या रेघेवर सरळ, सरळ, सरळ धावत होतं. थांबलं.

"उतरलं का?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग टाळ्या वाजव ना."

मी गुडघ्यावर बसले आणि गालिचा उचलला. पायडलची वायर कॉम्प्युटरपर्यंत जात नव्हती. ती पायडलच्या मागेच गोल गुंडाळून ठेवली होती आणि तिला तीन वेढे देऊन दोरा बांधला होता. निळा. टोक दाताने तोडलेलं.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊन बसली. त्या खेळात एक सोय असायची की पायांचं काम कॉम्प्युटर स्वतःच करतो. नवख्यांसाठी असते ती. सरांनी ती कोणासाठी लावलेली मी पाहिली नव्हती. आणि त्या आठवड्यात आमच्या घरात कारली झालीच नव्हती.

सर आले तेव्हा मी तशीच जमिनीवर बसलेली होते, वायर हातात. त्यांनी मेथीची पिशवी दाराशी ठेवली. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"कधीपासून सर?"

"बेटा, विमान पट्टीवर तूच आणलंस. नदी, वळण, उंची, सगळं तुझंच होतं. नुसते पाय..."

"कधीपासून?"

"रोडग्यांच्या आदल्या रविवारपासून."

"म्हणजे एकदाही नाही."

ते स्टुलावर बसले. हात मागे बांधायचे विसरले. "मी म्हटलं एकदा उतरू दे, धीर येईल, मग गुपचूप जोडून टाकू. पण मग तू फॉर्म मागितलास. कसं जोडणार होतो?"

"तुम्ही माझे पाय शांत झाले म्हणाले होते, सर."

आज मला वाटतं, सरांनी वायर काढली हे मी केव्हाच सोडून दिलं असतं. ते वाक्य बोलायला नको होतं त्यांनी. तोंडातून गेलं असेल, आनंदात गेलं असेल. पण मी त्या वाक्यावर घर बांधलं होतं.

काकू वर आल्या, वायर पाहिली, दोरा पाहिला, आणि भांडणाऱ्या माणसासारख्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत असलं की त्या तशाच उभ्या राहायच्या. "मंग काय करतो आमी? पोट्टी इतके आइतवार उपाशी झोपली! नवस बोलून ठेवला, थो मारोती आयकत नाई, हिचे पाय आयकत नाई!"

"काकू, तुमी मारोतीले खोटे रोडगे खाऊ घातले?"

"खोटे कायचे? त्याले मी आधीच सांगून ठेवलं होतं. बावा, असं असं हाये, पोरीचं मन राखून राह्यलो, माफ कर. त्याले सारं ठाव होतं."

देवाला सांगितलं होतं. शेजारणींना काय सांगायचं ते ठरवलं होतं. बहुतेक टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माहीत असावं. मी विचारलं नाही. ज्या घरात विमानाला माझी नववी माहीत नाही याचा मला केवढा आनंद झाला होता, त्या घरात ती सगळ्यांनी आधी हिशेबात धरली होती आणि मग वायर काढली होती. बँकेतल्या क्लार्कची काढली नव्हती. ते सात वेळा पऱ्हाटीत गेले, आठव्यांदा उतरले. त्यांना पडू दिलं.

"मी जोडतो आत्ता," सर उठायला लागले.

"मी जोडते," मी म्हटलं.

दोरा सोडवला, वायर ओढून मागे लावली. ती पायांची सोय कुठे बंद करायची ते सरांनी बोटाने दाखवलं. मी बेलोऱ्याहून उडाले. पूर्णा ओलांडली. आत्याबाई खुर्ची सोडून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. कडुनिंब आला. इंजिन कमी केलं. टेकलं, छान टेकलं, मला वाटतं तितकं छान कधीच टेकलं नव्हतं. आणि माझे पाय हालायला लागले. डावं-उजवं, डावं-उजवं. विमान शेतात शिरलं, आडवं झालं, स्क्रीन थांबला.

जिन्यातून, खोलीतून, कुठूनच कोणी पऱ्हाटीत गेली म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर मी राहिले असते, असं मला अजून वाटतं.

फॉर्म मी भरून टेबलाच्या खणात ठेवला होता, नेऊन द्यायचा तेवढा राहिला होता. तो मी दिला नाही. सर दोनदा म्हणाले, काकू पाचदा म्हणाल्या. मी प्रत्येक वेळी "देते" म्हटलं, कारण नाही म्हणायची हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती. शेवटची तारीख गेली. आमच्या युनिटमधून काही मुली तमिळनाडूत, तिरुपूरला चालल्या होत्या. तिथे कपड्यांचे मोठमोठे कारखाने, शिलाईवाल्या हव्या होत्या. आधी मी दहावीचं कारण सांगून नाही म्हटलं होतं. आता कारण उरलं नव्हतं.

निघायच्या सकाळी मी वर गेले आणि कपाटाचं दार उघडलं. माझं नाव पुसायचं मनात होतं. खिशात ब्लेड होतं. पण पांढरा रंग चांगला घट्ट बसला होता, आणि खरं सांगायचं तर हात होईना. आमच्या युनिटमध्ये तपासणीवाल्या बाईकडे लाल चिकट बाणांची पट्टी असायची. शिवण चुकली की त्या जागेवर टोक करून ती बाण चिकटवायची. तो पीस फेकत नाहीत. उसवून परत शिवायला पाठवतात. आणि नियम असा की बाण शिवणारीने काढायचा नाही. नीट शिवून आणला, तपासणीवाल्या बाईने पाहिला, की लावणारीच काढते. असे दोन-चार बाण माझ्या डब्यात दोऱ्यांबरोबर आले होते. त्यातला एक मी वनिता या नावाकडे टोक करून चिकटवला आणि दार लावलं.

काकूंनी बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत ऑटोत सोबत केली. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी आत टाकलं. उघडलं तर रोडगे. पहाटेच कधीतरी उठून गच्चीवर भाजले असावेत, राखेचा वास होता, गरम होते. मी ठरवलं होतं की या घरचं काही खायचं नाही. वर्धा यायच्या आत मी सगळे खाल्ले, एकामागून एक, तूप मनगटापर्यंत ओघळेपर्यंत. राग कमी झाला म्हणून नव्हे. राग होता तसाच होता, आणि भूकही होती, आणि त्या दोघांना एकाच तोंडातून जावं लागलं.

तिरुपूरला मी आले तेव्हा वीस वर्षांचीही नव्हते. आता चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, आणि लाल बाणांची पट्टी माझ्याच हातात असते. एका पूर्ण ओळीची तपासणी मी करते. खोलीत माझं स्वतःचं विमान आहे, विकत आणलेल्या पायडलांचं. सुटीच्या दिवशी गावाकडची काही मुलंमुली, एक निवृत्त कंडक्टर, एक शेगावकडच्या गृहिणी, आपापल्या घरून इंटरनेटवर, हेडफोन लावून माझ्याकडून शिकतात. मी त्यांना पहिलं वाक्य सांगते: खाली वाका आणि वायर जोडली आहे का ती स्वतःच्या हाताने ओढून बघा. ते हसतात. कंडक्टर म्हणतात, "मॅडम, तुमी तं डीझल तपासल्यावानी करता." मी कोणाची वायर काढत नाही. तीन जण कंटाळून सोडून गेले. सरांनी त्यांना राहू दिलं असतं, हे मला माहीत आहे. त्या तिघांची मला रात्रभर टोचणी लागते, आणि तरी मी काढत नाही.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मी गेले नाही. पोचले नसते, असं सांगितलं, आणि ते खरंही होतं. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. महिन्यातून एकदा फोन करतात. बोलणं तब्येतीवरून पावसावर, पावसावरून कपाशीवर जातं आणि शेवटी ते विचारतात, "बेटा, तो बाण काढू का आता?"

"नका काढू सर. ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतो."

"मग ये. मशीन चालू आहे. मी दर आठवड्याला पुसून, चालू करून ठेवतो. वायर जोडलेली आहे, मी रोज बघतो."

माझे पाय आता ऐकतात. वारा आडवा असला तरी मी मोठमोठ्या शहरांच्या पट्ट्यांवर पांढऱ्या रेघेवर विमान थांबवते. पण बेलोऱ्याहून उडून शिवणीच्या कडुनिंबापाशी उतरायची ती पट्टी माझ्या मशीनमध्ये नाही, कोणाच्याच नाही. ती स्कूटरवरून जाऊन एका माणसाने मोजून आखली होती, आणि ती अमरावतीला वरच्या खोलीत त्या जाड्या मॉनिटरमध्येच आहे. उसवून परत शिवायचं ते तिथेच. म्हणून मी दर वर्षी दिवाळीच्या आधी बडनेऱ्याचं तिकीट काढायला बसते, तारीख टाकते, नाव टाकते. आणि टेबलाखाली माझे पाय हालायला लागतात, डावं-उजवं, डावं-उजवं.